कुंदा कोण?

शारजा, १२ जानेवारी

ताई,

फोन कापता येतो. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, म्हणून पत्र लिहिते आहे. आपल्या वाडीतला दत्ताराम रजेवर निघाला आहे. तो इथून जवळच दुबईत, मुहैस्नाहच्या कामगार-कॅम्पात राहतो, एसी दुरुस्त करतो. आमचाही त्यानेच केला, तेव्हा बोलता बोलता कुडाळ निघालं आणि कुडाळवरून तू निघालीस. त्याच्याबरोबर हे पत्र, खजूर आणि गुडघ्यांना लावायचं तेल देते आहे. खजूर परत पाठवलेस तर पाठव, तेल ठेवून घे.

मला तुझ्याकडून काही नको. नुसती खुशाली कळवावी म्हटलं.

आम्ही अल मजाजला तळ्याकाठच्या एका उंच बिल्डिंगमध्ये राहतो. माझी वैभवी सतराची झाली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. तिला फिट येतात हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. औषधाने आवाक्यात आहे, पण फिट आली की तिला मीच लागते. तिचे बाबा, धनंजयराव, अजून त्याच अमेरिकन कंपनीत आहेत. ते आणि वैभवी कधीच अमेरिकेचे नागरिक झाले, मी मागे राहिले. आज करू उद्या करू म्हणत राहिलं, आणि खरं सांगायचं तर मला इंग्रजीची भीती वाटायची. आता मात्र परीक्षा द्यायचीच असं ठरलं आहे. तयारी इथे करायची आणि परीक्षा ह्यूस्टनला जाऊन तोंडी द्यायची.

तेव्हा हसू नकोस, मी या वयात शाळेत जाते. शाळा म्हणजे आमच्याच बिल्डिंगमधल्या सुचित्रा मॅडमचं डायनिंग टेबल. मोठ्या माणसांना परदेशच्या परीक्षांसाठी इंग्रजी शिकवतात. पुण्याच्या आहेत, पण मनाने चांगल्या. माझ्याबरोबर खैरुन्निसा म्हणून दापोलीकडची एक आहे. तिचा नवरा लंडनला, तिची परीक्षा वेगळी, पण भीती तीच. देशाचा सर्वोच्च कायदा कोणता, पहिला राष्ट्राध्यक्ष कोण, झेंड्यावर पट्टे किती, सगळं फ्रीजवर चिकटवलंय आणि मी भाकऱ्या थापता थापता म्हणते. तू मला पाढे असेच शिकवले होतेस, तांदूळ निवडता निवडता.

सगळ्यात शेवटी 'हॅव यू एव्हर'चे प्रश्न येतात. तुम्ही कधी तुरुंगात होता का, कधी कुणाचा छळ केलात का, कधी एका वेळी दोन नवरे केलेत का. एकच कसाबसा सांभाळला, दोन कुठून करणार? मी प्रत्येकाचा अर्थ विचारायला लागले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "ममताताई, मीनिंग नंतर. 'हॅव यू एव्हर' ऐकलं की डोळे मिटून 'नो, नेव्हर'. यल्ला, नेक्स्ट." यल्ला म्हणजे इथलं 'चला'. मग आम्ही दोघी ते आरतीसारखं म्हणतो. खैरुन्निसाला ते प्रश्न येणारच नाहीत, तरी टाळ्या वाजवून साथ देते.

पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. देवाला एखादा नारळ ठेवलास तर बरं होईल. नाही ठेवलास तरी मी काही बोलणार नाही.

सौ. ममता

(सही बघून पत्र टाकून देऊ नकोस. मला आता हीच सही येते.)


शारजा, ४ मार्च

ताई,

दत्ताराम परत आला. तू पत्र घेतलंस, वाचलंस की नाही ते त्याला कळलं नाही, पण तेल ठेवून घेतलंस. जाताना त्याला दारात थांबवून एवढंच विचारलंस म्हणे, "ती जाडी झाली काय रे?" झाले, ताई. मला वाटलं होतं माझी तुला काही पडलेली नाही. मला बहीणच नाही असं म्हणणारी बाई हे कशाला विचारेल?

परीक्षा झाली. प्रश्न सगळे बरोबर आले. वाचायला दिलेलं वाचलं, लिहायला सांगितलेलं वाक्य लिहिलं. मॅडमनी इथे सगळ्यांना बकलावा, म्हणजे इकडची मिठाई, वाटला.

फक्त एक छोटंसं काम राहिलं आहे. कागदाला एक कागद लागतो, तसलं. कुडाळला कोर्टासमोर जे वकील बसतात त्यांच्याशी धनंजयरावांचं बोलणं झालं आहे. तू फक्त एकदा त्यांच्याकडे जायचं आणि मला लहानपणापासून ओळखतेस असं सांगून अंगठा नाहीतर सही करायची. रिक्षा घरापर्यंत येईल. दहा मिनिटांचं काम आहे. तुला माझ्याशी बोलावंही लागणार नाही.

वैभवी बरी आहे. मी ह्यूस्टनला होते तेव्हा तिला जरा त्रास झाला, पण आता बरी आहे.

एवढं कर. लवकर केलंस तर बरं.

सौ. ममता


शारजा, २१ मार्च

ताई,

तू गेली नाहीस. वकील म्हणाले रिक्षा दोनदा रिकामी परत आली. तुझं काही चुकलं नाही. मी तुला अर्धंच लिहिलं होतं आणि तेही असं की जणू तुझ्यावर उपकार करते आहे. आज सगळं लिहिते. वाच, मग हवं ते कर.

धनंजयरावांचं इथलं काम जूनअखेर संपतंय. कंपनी त्यांना परत बोलावते आहे. मी इथे त्यांच्या व्हिसावर राहते, ते गेले की माझं राहणंही खलास. ते जातील, वैभवी जाईल, आणि इतकी वर्षं बाहेर राहिल्याने माझं ग्रीन कार्ड कधीही जाईल, म्हणून माझं तिकडे कायमचं राहणं त्या परीक्षेवर अडलं आहे. म्हणून या वयात इंग्रजी. हौस नव्हती ती.

तिथली अधिकारी बाई माझ्याच वयाची होती. गोड बोलत होती. प्रश्न झाले, वाचन झालं, मग 'हॅव यू एव्हर' सुरू झाले आणि मी धडाधड 'नो, नेव्हर' म्हणत सुटले. त्यातच तिने विचारलं, तुम्ही कधी दुसरं कुठलं नाव वापरलंय का? मी म्हटलं, "नो, नेव्हर."

ताई, मला तो प्रश्न कळला होता. नुसतं पाठांतर नव्हतं ते. मला खरंच वाटलं की नाही वापरलं. लग्नात नाव बदललं की आधीचं जातं, आपल्याकडे असंच तर असतं. ते दुसरं नाव थोडंच असतं? चोर ठेवतात दुसरं नाव.

बाईने फाइलमधून एक जुना कागद काढला. धनंजयराव जहाजावर होते तेव्हा त्यांनी तिकडचा पहिला अर्ज भरला होता, ग्रामपंचायतीतल्या लग्नाच्या दाखल्यावरून. त्यात बायकोचं नाव कुंदा. माझा पासपोर्ट नंतर मुंबईच्या एजंटने काढला, रेशनकार्डावरून, तो ममताचा. बाईने कागदावर बोट ठेवून विचारलं, "हू इज कुंदा?"

इतक्या वर्षांत कुणी हे नाव माझ्यासमोर उच्चारलं नव्हतं.  शिकलेलं सगळं इंग्रजी पळून गेलं आणि तोंडून आलं ते तुझं वाक्य. जसंच्या तसं, इंग्रजी होऊन आलं.

"कुंदा डाइड. ऑन माय वेडिंग डे."

बाईने पेन खाली ठेवलं. म्हणाली, फार वाईट वाटलं ऐकून. आणि मग अगदी हळू विचारलं, ती तुमच्या नवऱ्याची पहिली बायको होती का?

मी सांगायला लागले. राइस, प्लेट, गोल्ड रिंग, हजबंड राइट न्यू नेम. मी टेबलावर बोटाने नाव गिरवून दाखवलं. ती समजून घ्यायचा प्रयत्न करत होती, पण तिच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की मी जितकं बोलते तितकी अडकते आहे. आता त्यांना धनंजयरावांचाही संशय आलाय, की या माणसाने एक बायको लपवली. कुंदा आणि ममता एकच आहेत याचा पुरावा आणा, म्हणून मुदत दिली आहे. अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं नाव बरोबर सांगितलं ताई, आणि स्वतःचं चुकलं.

पुरावा कुठून आणू? ग्रामपंचायतीत माझ्या जन्माची नोंद 'मुलगी' एवढीच आहे. शाळेचा दाखला कुंदाचा मिळाला, पण ती कुंदा मीच हे कोण सांगणार? बाबा गेले, सासूबाई गेल्या, धनंजयरावांचा शब्द धरत नाहीत. मला जन्मल्यापासून ओळखणारं आणि त्या दिवशी तिथे असणारं एकच माणूस उरलं आहे. आई माझ्या जन्माच्या वेळीच गेली. नाव ठेवलंस तू, तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. लग्नात पाठराखीण म्हणून आलीस तूच. तांदळात नवं नाव लिहायला घेतलं तेव्हा तू विचारलंस की जुन्याला काय झालं. सासूबाईंचं नावही कुंदाच होतं, एका घरात दोन कुंदा कशा चालतील असं कुणीतरी म्हणालं, आणि तू भर मांडवात म्हणालीस, "मगे म्हातारीचा बदला." मला आजही हसू येतं, ताई. तेव्हा मी मान खाली घालून बसले होते. मग तू ताटावरून उठलीस. माझी कुंदा आज मेली, ह्या ममतेक मी वळखणय नाय, असं म्हणून न जेवता निघालीस.

सुचित्रा मॅडम हे ऐकून रडल्या. फ्रीजवरचा 'नो, नेव्हर'चा कागद काढून फाडला आणि आता त्या एकेका प्रश्नाचा अर्थ सांगत बसतात. खैरुन्निसा मात्र चिडली. म्हणाली, "आमच्यात बाईचं नाव बदलत नाहीत. तुम्ही लोक नव्या भांड्यावर घालतात तसं बाईवर नाव घालता, मग भांडं कुणाचं ते कसं कळायचं?" 

मी ह्यूस्टनला असताना वैभवीला दोनदा फिट आली. धनंजयराव घाबरले, त्यांनी तिला उभं धरायला बघितलं. तिची जीभ चावली गेली. ती माझा हात ओळखते, ताई. तोंडातून शब्द फुटत नसतो, पण हात ओळखते. तो हात अलीकडे राहिला आणि ती समुद्रापलीकडे गेली तर काय होईल याचा विचार मी करू शकत नाही. मी तुझ्या पाया पडते. इथून पडते, तिथे आले असते तर तिथे पडले असते.

ममता


शारजा, ६ एप्रिल

वकिलांचा फोन आला. तू स्वतःहून एसटीने गेलीस. त्यांच्यासमोर खुर्चीत बसलीस, चष्मा लावलास, सगळा कागद वाचून घेतलास. 'ममता' या शब्दाशी आलीस आणि पेन ठेवून उठलीस. "ह्यां नाव मी घेवचंय नाय," असं म्हणालीस आणि चालू लागलीस.

धन्य आहे तुझी.

एवढा कसला गं हा हट्ट? मी नाव बदलून घेतलं म्हणून? वीस वर्षांची पोर होते मी. पन्नास माणसं बसलेली, समोर तांदळाचं ताट, आणि मी काय उठून म्हणायला हवं होतं, मला नको? तू म्हणू शकलीस कारण तुला रात्री आपल्या घरी जायचं होतं. मला तिथेच राहायचं होतं. त्यानंतर मी किती फोन केले. दरवेळी विचारायचीस, "कोण बोलता?" मी म्हणायचे, मी ममता. आणि तू म्हणायचीस, हय कोण ममतेचा नाय. एकदा तरी म्हणायचं होतंस, की बोल गं.

सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. ठीक आहे. माझी मुलगी जाईल, नवरा जाईल, आणि मी परत येईन ती कुडाळलाच येईन, दुसरं मला कुठे घर आहे? तुझ्या दारात उभी राहीन. तेव्हाही विचार, कोण म्हणून.

हे पत्र कुरियरने धाडते. टपालाची वाट बघण्याइतका धीर माझ्यात नाही.


शारजा, १५ एप्रिल

ताई,

काल तू फोन उचललास. जे झालं ते तुला ठाऊक आहे, पण या बाजूला काय झालं ते नाही, म्हणून लिहिते.

मी स्वयंपाकघरात होते. धनंजयराव दारात उभे, वैभवी ओट्यापाशी स्टुलावर बसून दूध पीत होती. वकिलांनी सांगितलं होतं की आता अजून एकदाच बोलून बघा. मी लावला तो काही आशेने नाही. मला तुला शिव्या द्यायच्या होत्या. तू विचारलंस, "कोण बोलता?" आणि सवयीने माझ्या तोंडात ममता आलं. अगदी ओठावर आलं.

मग ती बाई आठवली. पेन खाली ठेवून माझ्यासाठी वाईट वाटून घेणारी. मी तिला सांगितलं होतं की कुंदा मेली. तू एकदाच म्हणालीस, तेही रागाने. मी मात्र दर फोनला, तुझ्या प्रत्येक 'कोण'ला, तेच सांगत आले होते. तू हट्टाने विचारत होतीस आणि मी हट्टाने चुकीचं उत्तर देत होते. मला वाटायचं की तू ममता म्हणालीस की मी जिंकले.

मी म्हटलं, "मी, कुंदा."

पलीकडे नुसत्या कोंबड्या ऐकू आल्या. मला वाटलं तू फोन ठेवून परसात गेलीस. मग तुझा आवाज आला.

"एवढा इंग्लिश शिकलस, आणि ह्यां एक नाव सांगूक इतकी वर्सां लागली तुका?"

 तू नाक ओढत होतीस ते ऐकू आलं. शेवटी एवढंच म्हणालीस की उद्या वकिलाकडे जाते, पण कागदात काय लिहायचं ते मी सांगणार, तो नाही. आणि फोन कापलास. या वेळच्या कापण्याचा मला राग आला नाही.

वैभवी सगळं बघत होती. तिने विचारलं, "आई, हू इज कुंदा?"

त्या ऑफिसात मला जे उत्तर आलं नव्हतं ते स्वयंपाकघरात आलं. मी म्हटलं, मी. ती म्हणाली, "ओके," आणि दुधाचा पेला पुढे केला, अजून साखर हवी म्हणून.

तुझी
कुंदा


शारजा, २ मे

ताई,

तुझा कागद आला. दत्तारामचा चुलतभाऊ कामाला इकडे आला, त्याच्याबरोबर पोचला. पिशवीत कोकमंही होती. ती कागदाला लागली आहेत, पण शिक्का वाचला.

मी अजून कुठेच पोचलेले नाही, हे तुला सांगून ठेवते. पुढच्या आठवड्यात पुन्हा ह्यूस्टनला जायचं आहे. तीच बाई असेल की दुसरं कुणी, ठाऊक नाही. पहिल्यांदा 'नो' म्हटलं ते लबाडीने नव्हे हे त्यांना पटेल का, तेही ठाऊक नाही. पटलं नाही तर काय, हे आम्ही घरात बोलत नाही. वैभवीची बॅग भरली आहे, माझी अर्धी. झोप येत नाही, जेवण जात नाही. तू विचारायच्या आधीच सांगते, आता जाडी राहिलेले नाही. दुपारभर मॅडमकडे बसून घोकते, पण पाठांतर नाही. त्या विचारतात, दुसरं नाव वापरलंय का? मी म्हणते, येस. त्या विचारतात, हू इज कुंदा? मी म्हणते, आय ॲम. खैरुन्निसा समोर बसून अधिकाऱ्यासारखं तोंड करते आणि माझं उत्तर अडखळलं की पुन्हा विचारते. परवा तिला हुंदका आला म्हणून तिलाच पाणी द्यावं लागलं.

तुझ्या कागदाचं इंग्रजी करून लावायचं आहे. ते मॅडमनी करायला घेतलं. त्या वकिलाकडून तू हे कसं लिहून घेतलंस ताई? पहिला भाग बरोबर आहे, सगळ्या कागदांत असतो तसा. कुंदा आणि ममता ही एकच बाई असून ती माझी सख्खी धाकटी बहीण आहे, तिला मी वाढवली, नाव बदललं तेव्हा मी हजर होते. ममता हे नाव तू लिहू दिलंस, एकदा नाही, तीनदा. मी मोजलं नाही, मॅडमनी मोजलं.

पण त्याखाली तुझं आहे. तुझा आवाजच आहे तो, फक्त वकिलाच्या मराठीत.

"त्या दिवशी कुंदा मेली असे मी रागाच्या भरात बोलले. ते खोटे होते. माझी बहीण जिवंत आहे. माझ्या बोलण्यावरून सरकारने तिला मेलेली धरू नये."

मॅडमनी त्या ओळी वाचल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "कुंदाताई, लीगली याची काही गरज नाही. उलट ऑफिसर कन्फ्यूज होईल. एवढं गाळू का?"

मी म्हटलं, "नो, नेव्हर."

तुझी
कुंदा